कालमालांची सांगड

नाशिक शहराच्या पूर्वेस गोदावरीच्या कांठीं असलेलें एकलहरे हें गांव आज तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळें साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचें झालें आहे. या केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास चालू झाले. त्यामागून २१० मेगावॅट शक्तीचे तीन संच १९७९ ते १९८१ या अवधींत उभे राहिले. थांबविलेला संच पुन्हां चालू करून वीजवाहिन्यांच्या जाळ्यास जोडावयाचा असतो, तेव्हां तेथें एक मोठी नाजूक क्रिया करावी लागते. संचांतून निघणारी वीज तीन तारांवाटें तीन लाटांच्या रूपानें येते. या तारांस लाल, पिवळी व निळी असें म्हणण्याचा प्रघात आहे. संचाची लाल लाट जाळ्याच्या लाल लाटेशीं, पिवळी पिवळीशीं आणि निळी निळीशीं जुळावी लागते. क्रम जुळला तरी तेवढ्यानें भागत नाहीं. दोहोंचा दाब सारखा हवा. दोहोंची गति सेकंदास ५० आवर्तनांच्या आसपास एकच हवी. आणि जोडणीच्या क्षणीं लाटेचा चढ-उतारही दोहींकडे एकाच पायरीवर हवा. हा मेळ दाखविणारा कांटा तबकडीवर सावकाश फिरत असतो. तो माथ्यावर आला म्हणजे मगच जोडणी केली जाते. क्षण चुकला, तर कित्येक टनांचा फिरता भार एका हिसक्यासरशीं भलत्याच ठिकाणीं खेंचला जातो आणि यंत्राची हानि होते.

अनेक मालिका एकमेकींशेजारीं ठेवून पहिलीच्या पहिल्या घटकास दुसरीचा पहिला घटक, दुसऱ्यास दुसरा, अशा रीतीनें त्यांची सांगड घालणें ही क्रिया दिसावयास अगदीं साधी आहे. परंतु तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं मिळाल्यावांचून ती निर्दोष होत नाहीं. दोन्ही मालिकांचा आरंभ कोठें धरावयाचा? दोहोंचें पाऊल सारखें आहे काय? आणि एक मालिका आधीं संपली, अथवा तिच्यांत मध्येंच खंड पडला, तर काय करावयाचें? महाराष्ट्राचा इतिहास ज्या शिलालेखांवर व कागदांवर उभा आहे, त्यांची कालनिश्चिति या तीन प्रश्नांशीं झगडूनच झाली आहे. राजांचीं वर्षें, तिथि, वार, नक्षत्रें, हिजरी चंद्राच्या तारखा, इंग्रजी महिने, या सर्व मालिकाच होत. त्या एकमेकींशेजारीं नीट बसल्या तर घडलेल्या गोष्टींचा क्रम लागतो. एक घर जरी सरकलें तरी कार्य कारणाच्या आधीं येऊन बसतें.

या प्रश्नाचें एक फार जुनें उदाहरण एकलहऱ्याच्या परिसरांतच आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरांत, ज्यास लोक पांडवलेणीं म्हणतात तेथें, दोन राजघराण्यांचे शिलालेख हाकेच्या अंतरावर कोरलेले आहेत. दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याच्या दानांचे लेख असून त्यांत ४१, ४२ व ४५ हीं वर्षें येतात. त्यांपैकीं एका लेखांत सत्तर हजार कार्षापणांचा हिशेब दोन हजार सुवर्णांत दिला आहे आणि ३५ कार्षापणांस एक सुवर्ण हा भावही नमूद केला आहे. तिसऱ्या लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या १८ व्या व २४ व्या वर्षांचे, तसेच त्याचा पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकीर्दींतले लेख आहेत. गौतमीपुत्राच्या लेखांत महिन्याचें नांवही येत नाहीं. वर्ष १८, वर्षाऋतूचा दुसरा पक्ष, दिवस पहिला, एवढीच ती मिति. म्हणजे एका घराण्याची वर्षमाला एका भिंतीवर आणि दुसऱ्याची दुसऱ्या भिंतीवर. परंतु पहिल्या मालेचें ४५ वें वर्ष दुसरीच्या कितव्या वर्षाशेजारीं ठेवावयाचें, हें कोणत्याच लेखांत सांगितलेलें नाहीं.

लेखांतच एक दुवा मात्र दडलेला होता. गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाच्या लेखांत, आजवर उषवदाताच्या भोगांत असलेलें २०० निवर्तनांचें शेत भिक्षूंस दिल्याचें म्हटलें आहे. पुढें पुळुमावीच्या १९ व्या वर्षीं गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिनें कोरविलेल्या लेखांत आपल्या पुत्राचें वर्णन क्षहरात वंशाचा उच्छेद करणारा असें केलें आहे. तरीही शंकेस जागा होती. शेत उषवदाताकडून थेट गौतमीपुत्राकडे आलें, कीं मध्यें आणखी कोणी राजे होऊन गेले? उच्छेद केला तो नहपानाचा, कीं त्याच्या वंशजांचा?

या शंकेचें उत्तर १९०६ मध्यें मिळालें, तेंही गोदावरीच्या कांठींच. सिन्नर तालुक्यांत दारणेच्या संगमाजवळ असलेल्या जोगलटेंभी या गांवीं चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड सांठा सांपडला. त्यांत १३,२५० च्या आसपास नाणीं होतीं आणि तीं सर्व नहपानाचीं होतीं. एका बाजूस राजाचें मुख व ग्रीक अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतला लेख, असें त्यांचें स्वरूप आहे. परंतु त्यांपैकीं ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. राजाच्या मुखावर तीन कमानींचा चैत्य आणि मागील बाजूस चार वर्तुळांचें उज्जयिनी चिन्ह उमटविलें होतें. जुना छाप पुरता पुसला गेला नाहीं, हें इतिहासाचें भाग्य! त्यामुळें एकाच चकतीवर दोन राजे शेजारीं शेजारीं वाचतां येतात. कोण आधीं व कोण मागून हेंही डोळ्यांनीं दिसतें. सांठ्यांत तिसऱ्या कोणाही राजाचें नाणें नसल्यामुळें दोहोंच्या मध्यें आणखी राजे घालण्यास जागा उरली नाहीं. नहपानाच्या कारकीर्दीचें शेवटचें ज्ञात वर्ष ४६ हें जुन्नरच्या लेखांत येतें. तें गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाच्या निकट ठेवावयाचें, ही गोष्ट या नाण्यांनीं पक्की केली.

येथें एक मर्यादाही ध्यानांत घ्यावी लागते. दोन माळा एका मण्यापाशीं जुळल्या म्हणजे त्यांचें परस्परांतलें अंतर ठरतें. परंतु ती जोडी आपल्या इसवी सनाच्या कोणत्या वर्षापाशीं टांगावयाची, हें तेवढ्यानें ठरत नाहीं. नहपानाचीं वर्षें शककालाचीं मानलीं तर ४६ वें वर्ष इ. स. १२४ च्या सुमारास येतें. तीं त्याच्या स्वतःच्या राज्यारोहणापासूनचीं मानलीं तर निराळा काळ निघतो. विद्वानांचे पक्ष आहेत ते या तिसऱ्या गांठीविषयीं. पहिल्या दोन माळांच्या गांठीविषयीं वाद उरलेला नाहीं.

नाशिकच्या लेखांत मित्यांचें दुर्भिक्ष आहे. मराठेशाहीच्या कागदांकडे वळावें, तों तेथें कालगणनांची गर्दी दिसते. १८९८ मध्यें इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यांत १७५० पासून पानिपतपर्यंतच्या काळचा पत्रव्यवहार आला. पुढें गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत काढले. या पत्रांचा मोठा भाग असा आहे कीं त्यांवर वर्षच नाहीं. पत्र लिहिणाऱ्यास वर्ष ठाऊक होतें, तें ज्यास पोंचावयाचें त्यासही ठाऊक होतें. मग तें लिहिण्याचें प्रयोजन काय? शेवटीं ‘छ १४ रबिलाखर’ एवढी खूण केली कीं काम झालें. यांतील ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात् हिजरी महिन्याच्या चंद्राची तारीख. जेथें वर्ष दिलें आहे तेथें तें बहुधा अरबी शब्दांत, एकंपासून वर चढत गेलेलें असतें. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार. सुहूर सन ११६१.

पानिपतचा एकच दिवस घेतला तरी या मालिकांचा पसारा कळून येतो. १४ जानेवारी १७६१, बुधवार. त्या दिवशीं शालिवाहन शक १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध ८ होती. विक्रम संवत् १८१७ चालू होता. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकापासून मोजला जाणारा राजशक ८७ होता. सुहूर सन ११६१, फसली सन ११७० आणि हिजरी सन ११७४, महिना जमादिलाखर. दिवस एक आणि त्यास इतकीं नांवें! त्यांतून प्रत्येक वर्षमाला निराळ्या दिवशीं पालटते. शालिवाहन शक चैत्र शुद्ध प्रतिपदेस बदलतो. गुजराती रीतीचा विक्रम संवत् कार्तिकांत. राजशक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस. सुहूर व फसली हे दोन्ही सन मृगाच्या आरंभीं, म्हणजे खरीपाच्या तोंडाशीं. हिजरी सन मोहरमांत. आणि इसवी सन जानेवारींत.

यामुळें एका सनांतून दुसरा काढावयास ठराविक आंकडा मिळवून चालत नाहीं. सुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवावे लागतात आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६००. हा फरक वरवर क्षुल्लक वाटतो. आतां सुहूर ११६१ मधील श्रावणाचें एखादें पत्र घ्यावें. त्या सुमारास सदाशिवराव भाऊ दिल्लींत होते. नीट हिशेब केला तर पत्र १७६० च्या ऑगस्टांतलें ठरतें. बेसावधपणें ६०० मिळविले कीं तेंच पत्र १७६१ च्या ऑगस्टांत जाऊन पडतें. म्हणजे पानिपतावर पडलेला सेनापति मृत्यूनंतर सात महिन्यांनीं दिल्लीहून मसलत लिहूं लागतो! इतकी ढोबळ चूक कोणाच्याही ध्यानांत येईल. परंतु ज्याच्या मृत्यूचा दिवस इतिहासास ठाऊक नाहीं अशा एखाद्या कारकुनाच्या पत्राविषयीं असें झालें, तर चूक ओळखावयाची कशानें?

आरंभाचा प्रश्न असा सोडवितां आला, तरी पावलाचा प्रश्न उरतोच. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र असून तें सुमारें ३५४ दिवसांचें असतें. सौर वर्षाहून तें सुमारें ११ दिवसांनीं आंखूड असल्यामुळें ३३ सौर वर्षांत हिजरी वर्षें ३४ होतात. शेतसारा पिकावर घ्यावयाचा आणि पीक सूर्याच्या गतीनें येणार. तेव्हां हिजरी वर्षानें वसुलीचा मेळ बसेना. यासाठीं मुहंमद तुघलकाच्या काळीं, १३४४ मध्यें, हिजरी ७४५ शीं आंकडा जुळवून सौर पावलानें चालणारा सुहूर सन सुरू झाला. आरंभीं दोघे बरोबर निघाले. पण एकाचें पाऊल आंखूड आणि दुसऱ्याचें लांब. पानिपतच्या वर्षीं एक ११७४ वर होता आणि दुसरा ११६१ वर. चार शतकांत तेरा वर्षांचें अंतर पडलें!

तिथि व वार यांची गोष्ट याहून अवघड आहे. वाराचें चक्र सात दिवसांचें, त्यांत कधींही खंड नाहीं. तिथि मात्र सूर्य व चंद्र यांच्या अंतरावर ठरते. चांद्र वर्षाच्या ३६० तिथि ३५४ दिवसांत बसवाव्या लागतात. यामुळें एखादी तिथि दोन सूर्योदयांच्या मध्येंच उगवून संपते, तिचा क्षय होतो; एखादी दोन सूर्योदयांस लागते, तिची वृद्धि होते. शिवाय दोनअडीच वर्षांनंतर एक अधिक मास येतो. जो कोणी तिथीस दिवस, तिथीस दिवस, असें डोळे मिटून जोडीत जाईल, त्याची सांगड पंधरवड्याच्या आंतच तुटेल. भरीस भर म्हणून दक्षिणेंत महिना अमावास्येस संपतो आणि उत्तरेंत पौर्णिमेस. त्यामुळें आपल्या फाल्गुन वद्य तृतीयेस उत्तरेकडील पंचांग चैत्र वद्य तृतीया म्हणतें.

युरोपीय कागदांनीं या गोंधळांतून सुटका होते, असेंही नाहीं. पोर्तुगालनें १५८२ मध्यें पोप ग्रेगरी यांची सुधारलेली कालगणना स्वीकारली. इंग्लंडनें ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाहीं. त्या वर्षीं २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवसास इंग्रजांनीं १४ सप्टेंबर म्हटलें. म्हणजे सतराव्या शतकांत गोव्याचा पोर्तुगीज आणि सुरतेचा इंग्रज यांनीं एकाच दिवशीं पत्र लिहिलें, तरी त्यांच्या तारखांत दहा दिवसांचें अंतर पडे. जुन्या इंग्रजी रीतीप्रमाणें वर्षही २५ मार्चला सुरू होई. तेव्हां जानेवारी, फेब्रुवारीचीं पत्रें मागल्याच वर्षाचा आंकडा मिरवीत असत.

हे सारे दोरे एका आंखणींत बसविण्याचें काम ज्या पुस्तकानें केलें, त्याचें नांव जंत्री. जंत्रीचें पान म्हणजे शेजारीं शेजारीं उभे स्तंभ. एका आडव्या ओळींत शकाची मिति, वार, हिजरी चंद्र, सुहूर व फसली सन, इंग्रजी तारीख. वरून खालीं वाचलें तर प्रत्येक मालिका स्वतंत्र चालते. आडवें वाचलें तर एकच दिवस सर्व भाषांत बोलतो. जंत्रीकाराचें कसब तिथीचा क्षय झाला तेथें दिसतें. तेथें तो पुढील मित्या वर सरकवून जागा भरीत नाहीं. क्षयाची नोंद करतो आणि पुढील तिथि आपल्याच वाराशेजारीं ठेवतो. ही नोंद जर गाळली, तर तेथून खालचें सगळें पान एका घरानें चुकेल.

या कामामागें एकोणिसाव्या शतकांतील महाराष्ट्रीय गणित्यांची परंपरा आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें मराठींत सिद्ध केलीं. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री १८८९ मध्यें बाहेर पडली आणि पेशवाईच्या कागदांवर काम करणाऱ्यांच्या हातीं ती बराच काळ राहिली. कोंकणांतल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ मध्यें ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षीं रॉबर्ट सेवेल यांच्यासह भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथ लंडनहून काढला. दीक्षित १८९८ मध्यें, वयाच्या पंचेचाळिशींतच वारले. पुढें शिवकालासाठीं गणेश सखाराम खरे यांनीं जंत्री रचली, आणि मद्रासकडील स्वामीकन्नु पिळ्ळे यांनीं १९२२ मध्यें साऱ्या हिंदुस्थानसाठीं विस्तृत कोष्टकें पुरीं केलीं. या पुस्तकांत कथानक नाहीं, वीररस नाहीं. आंकड्यांवांचून दुसरें कांहीं नाहीं. परंतु यांच्यावांचून राजवाड्यांच्या पत्रांस क्रम लागला नसता.

या आंकड्यांचें मोल किती, याचा प्रत्यय शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादांत आला. बखरींच्या आधारें जन्मवर्ष शके १५४९, प्रभव संवत्सर, वैशाख मास, म्हणजे इ. स. १६२७ असें धरीत असत. परंतु तिथि व वार यांविषयीं बखरींत एकवाक्यता नव्हती. १९१६ मध्यें लोकमान्य टिळकांनीं भोरकडील कारी येथील जेधे घराण्याच्या संग्रहांतली शकावली प्रसिद्धीस आणली. तींत जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, नक्षत्र हस्त, असा दिला होता. दोन मतांत जवळजवळ तीन वर्षांचें अंतर!

आतां ही नोंद खरी कीं खोटी, याची परीक्षा कशी करावयाची? येथेंच मालिकांची सांगड उपयोगी पडते. संवत्सरांचें चक्र ६० वर्षांचें आहे. शके १५९६ मध्यें, राज्याभिषेकाच्या वर्षीं, आनंद संवत्सर होतें. तें चक्रांत ४८ वें. तेथून ४५ वर्षें मागें गेलें कीं तिसरें, म्हणजे शुक्ल संवत्सर येतें. आंकडा व नांव जुळलें. फाल्गुनी पौर्णिमेस चंद्र पूर्वा-उत्तरा फाल्गुनीच्या आसपास असतो. तेव्हां वद्य तृतीयेस तो हस्ताजवळ यावा, हेंही जुळलें. राहिला वार. तिथीवरून इंग्रजी जुनी तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते आणि त्या दिवशीं शुक्रवारच पडतो. वाराचें चक्र तिथीपासून स्वतंत्र असल्यामुळें ही साक्ष विशेष मोलाची आहे. कोणी अंदाजानें मिति लिहिली असती, तर वार चुकण्याचा संभव सातांत सहा होता.

मात्र एवढ्यानें पुरावा पुरा होत नाहीं. मिति आपल्या आपल्यांत जुळते, यावरून ती पंचांग पाहून लिहिलेल्या टिपणावरून उतरली असावी, इतकेंच म्हणतां येतें. ती याच घटनेची आहे, हें सांगावयास दुसरा स्वतंत्र साक्षीदार हवा. तो १९२७ मध्यें मिळाला. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलेल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यांत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचाच निर्देश निघाला. परमानंद महाराजांच्या आश्रयास असलेला कवि. त्याचें काव्य आणि जेध्यांचें टिपण एकमेकांवरून उतरलेलीं नाहींत. पुढें महाराष्ट्र शासनानेंही १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या गणनेची तारीख होय. त्या काळच्या इंग्रजानें तिचें वर्ष १६२९ लिहिलें असतें, आणि गोव्याच्या पोर्तुगिजानें त्याच दिवसास १ मार्च १६३० म्हटलें असतें. घरोघरीं आज कोणी तिथीनें जयंती साजरी करतात, कोणी तारखेनें. दोघेही त्याच एका शुक्रवाराकडे बोट दाखवितात. दोघांच्या हातीं दोरे मात्र दोन आहेत.

हीच क्रिया आज संगणकाच्या आज्ञावलींत रोज असंख्य वेळां घडते आणि तेथें तिला ‘झिप’ असें नांव आहे. कपड्याची चेन ओढली म्हणजे दोन बाजूंचे दांत एकमेकांत बसत जातात, त्यावरून हें नांव पडलें. अलेक्झांडर स्टेपानोव्ह व डेव्हिड मसर यांनीं विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत अशी विचारसरणी मांडली कीं, कृति एकदांच लिहावी आणि ती कोणत्याही प्रकारच्या मालिकेस लागू पडावी. मालिकेंत आंकडे आहेत, नांवें आहेत कीं तारखा आहेत, याची चौकशी त्या कृतीनें करूं नये. जंत्रीच्या आंखणीस तरी स्तंभांत काय लिहिलें आहे याच्याशीं कोठें कर्तव्य असतें? पण कृति अशी सामान्य झाली, म्हणून मघाचे तीन प्रश्न चुकले नाहींत. १९९४ मध्यें सी प्लस प्लस या भाषेच्या प्रमाणांत स्टेपानोव्ह यांचा संग्रह स्वीकारला गेला, त्यांत दोन मालिका जोडतांना फक्त पहिलीचा शेवट सांगावा लागे. दुसरी निदान तितकी लांब आहे, हें गृहीत धरलेलें असे. ती आंखूड निघाली, तर आज्ञावली मालिकेच्या पलीकडील जागेंत शिरे. याच भाषेच्या २०२३ च्या प्रमाणांत आलेली ‘झिप’ सर्वांत आंखूड मालिका संपतांच थांबते. थांबणें सुरक्षित खरें. परंतु लांब मालिकेचे उरलेले घटक मुकाट्यानें गळतात. म्हणून पायथन या भाषेंत २०२१ पासून अशी सोय झाली कीं, लांबी असमान असल्यास आज्ञावलीनें चूक झाली असें स्पष्ट सांगावें. उरलेल्या जागीं रिकामेपणाची खूण भरण्याचीही एक रीत आहे, आणि क्षयतिथीची नोंद करणारे आपले जंत्रीकार याच रीतीचे म्हटले पाहिजेत.

एकलहऱ्याच्या यंत्रशाळेंत चुकीची जोडणी झाली, तर यंत्रच तत्काळ बोलतें. सारी इमारत तो धक्का ऐकते. कागदावरची चुकीची जोडणी कांहींच आवाज करीत नाहीं. एका घरानें सरकलेली मिति पुस्तकांतून पाठ्यपुस्तकांत आणि तेथून लोकांच्या तोंडीं जाऊन बसते, व पिढ्यानपिढ्या खरी म्हणून नांदते. यासाठींच वार, नक्षत्र व संवत्सर हे साक्षीदार मितीच्या शेजारीं उभे करून ठेवण्याची जुन्या टिपणकारांची रीत मोठ्या शहाणपणाची होती. शुक्रवार हा एकच शब्द गाळला असता, तर टिपण लिहिणाऱ्याचें त्या दिवशीं कांहींच अडलें नसतें. तीनशें वर्षांनंतर मात्र त्या मितीची परीक्षा कोणास करतां आली नसती.